कान्हाच्या अंगणात वीस मिनिटं

चंदरची गाडी पहिल्यांदा बंद पडली ती टेपाच्या वाडीच्या चढावर, बरोबर कान्हाच्या अंगणासमोर, आणि त्या दिवशी त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. गाडी सात वर्षांची होती, चढ खडा होता, ऊन अजून उतरलं नव्हतं. कान्हा धावत बाहेर आला. दोघांनी गाडी ढकलून अंगणात फणसाखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि दोघेही आत डोकावले. इंजिनातलं दोघांनाही सारखंच कमी कळत होतं.

"बॅटरीची वायर काढ," कान्हा म्हणाला. त्याच्याकडेही हीच गाडी होती. चंदरची लाल, त्याची पांढरी, एवढाच फरक. "वायर काढायची, जरा येळ थांबायचं, परत लावायची. माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच चालू झाली."

चंदरने वायर काढली. कान्हाच्या आईने, लहानी आजीने, चहा पाठवला. वीस मिनिटांनी वायर लावून चावी फिरवली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशा आवाजात सुरू झाली. चंदरने लहानी आजीला हात जोडले आणि आवळपाड्याला आपल्या घरी आला.

पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आवळपाडा आणि टेपाची वाडी यांची पंचायत एकच. सरपंचपद महिलांसाठी राखीव. आवळपाड्यातून चंदरची बायको रंजिता उभी राहिली आणि वाडीतून कान्हाची बायको काशी. रंजिताला पंखा मिळाला, काशीला कपबशी. चिन्हं वाटून झाली त्याच संध्याकाळी चंदर शहापूरहून परत येताना गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. तोच चढ, तेच अंगण, तोच फणस.

चंदरचं शहापुरात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. सकाळी किन्हवलीवरून जायचं, संध्याकाळी तसंच यायचं. सकाळी गाडी कधीच दगा देत नसे. संध्याकाळी मात्र पाऊण तास चालून तापली, त्यात चढावर पहिल्या गिअरमध्ये रेटली, की कान्हाच्या घराशी येऊन एक उचकी द्यायची आणि गप्प व्हायची. तेही रोज नाही. दोन दिवस सुरळीत, मग सलग तीन दिवस बंद. रोज बंद पडली असती तर चंदरने दुसरी वाट धरली असती. पण दुसरी वाट नव्हतीच, आणि 'आज नाही पडणार' असं मानायला तो रोज तयार असायचा.

बंद पडली की वीस मिनिटं बसावं लागे. अंगणात नुसतं बसून राहायची लाज वाटते, म्हणून चंदर काहीतरी करू लागला. लहानी आजीच्या पेन्शनचा हयातीचा दाखला अडला होता, तो त्याने शहापुरातून करून आणला. शेजारच्या भिमीचं रेशनकार्डावरचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून दिलं. मग बायका गाडीची चाहूल घेऊन कागदाच्या पिशव्या तयार ठेवायला लागल्या. गाडी न थांबता निघून गेली तर पिशव्या पुन्हा आत ठेवत आणि म्हणत, "आज नाय वाटतं बिघडली."

चंदरने गाडी शहापुरात गोजर मिस्त्रीला दाखवली. गोजर मिस्त्री तीस वर्षं गाड्या कानाने तपासत आला होता. त्याने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, दोन मिनिटं ऐकलं.

"गाडीत काय नाय," तो म्हणाला.

"रोज बंद पडते, मिस्त्री."

"आता पडली का?"

"आता नाय."

"मग?"

दुसऱ्या वेळी त्याने प्लग बदलले. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा फिल्टर बदलला. दोन्ही वेळा गाडी गॅरेजात शहाण्या लेकरासारखी वागली, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी कान्हाच्या फणसाखाली गेली.

इकडे आवळपाड्यात संदेशने एक फोटो पाहिला. संदेश हा रंजिताच्या प्रचाराचा मुख्य कार्यकर्ता, चंदरचा चुलतभाऊ. कोणीतरी वाडीतून फोटो काढून मोबाइलवरच्या ग्रुपात टाकला होता. फोटोत चंदर कान्हाच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, पाठीमागे कान्हा हसत उभा होता, आणि चंदरच्या हातात कपबशी होती. खाली कोणी लिहिलं होतं: 'पंख्याचा मालक कोणाची निशाणी उचलून धरतोय बघा.'

"दादा, ह्यो काय प्रकार?" संदेशने घरी येऊन मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"चहा पितोय."

"ते दिसतंय. पण कपबशीतून?"

"मग काय पंख्यातून पिऊ?"

"पेला मागायचा ना! ग्लास मागायचा! आपली मानसं इचारतायत, चंदर तिकडं रोज वीस मिनिटं काय करतो? मी काय सांगू?"

"गाडी बंद पडते म्हणून सांग."

"सांगितलं. ती म्हणतात, गॅरेजात का नाय पडत? घरी का नाय पडत? आख्ख्या तालुक्यात काशीच्याच दारात का पडते?"

हाच प्रश्न चंदरने स्वतः गोजर मिस्त्रीला विचारला होता, आणि मिस्त्रीने डोळे मिटले होते.

रंजिता चुलीशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "तिकडं पण हेच चाललंय," ती म्हणाली. "काशीची मानसं बोलतात, चंदर मुद्दाम गाडी बंद पाडतो नि आमची मतं फोडतो. कान्हाला दोनदा धमकावून गेलीत, त्याला चहा का देतोस म्हणून."

म्हणजे आता चंदर एकाच वेळी दोन्हीकडे फितूर होता. आपल्या लोकांच्या मते तो विकला गेला होता आणि त्यांच्या लोकांच्या मते तो विकत घ्यायला येत होता. शनिवारी सकाळी तो चौथ्यांदा गॅरेजात गेला तेव्हा त्याने गाडीची नव्हे, आपलीच तब्येत दाखवायला आल्यासारखा चेहरा केला होता.

त्या दिवशी गोजर मिस्त्री बाहेर गेला होता. गॅरेजात त्याची मुलगी कुणाली होती. तिने मोटारीचा डिप्लोमा केला होता आणि तिच्याकडे गाडीला जोडायचं स्कॅनर मशीन होतं. मशीन जोडलं. त्यात काहीच आलं नाही. तिने इंजिन ऐकलं नाही. तिने चंदरला विचारलं.

"दादा, गाडी बंद पडली की तुमी नेमकं काय करता? पहिल्यापासून सांगा."

"बॉनेट उघडतो. बॅटरीची वायर काढतो. चहा पितो. वायर लावतो. चालू होते."

"वायर दरवेळी काढता?"

"दरवेळी! त्यानंच तर चालू होते."

कुणालीने कपाळाला हात लावला. "दादा, गाडी बंद पडताना कुठं दुखतंय ते कॉम्प्युटरात लिहून ठेवते. बॅटरी काढली की लिहिलेलं पुसलं जातं. तुमी चोरी झाल्यावर घर झाडून-पुसून घेता नि मग पोलिसांना बोलावता."

"पण चालू होते ती?"

"ती थंड झाल्यावर चालू होते. वायर काढा, नायतर आरती करा, वीस मिनिटांनी होणारच. आज संध्याकाळी बंद पडली तर कशालाच हात लावू नका. नुसतं बसा."

त्या संध्याकाळी चंदर आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून चढ चढला. ती पडली. तो नुसता बसला. चहा त्याने ग्लासातून मागितला, आणि काशीने आतून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का? आमची कपबशी चावते का?"

तशीच न पुसलेली गाडी घेऊन तो रविवारी उजाडताच कुणालीच्या दारात उभा राहिला. मशीनवर एक ओळ आली.

"कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर," कुणाली म्हणाली. बॉनेट उघडून तिने इंजिनाच्या वरच्या बाजूला, मागे, बोटाएवढं काळं प्लास्टिक दाखवलं. "इंजिनात एक दांडा फिरतो. तो आत्ता कुठं पोचलाय ते हा कॉम्प्युटरला सांगतो. हा तापला की मुका होतो. कॉम्प्युटरला दांडा सापडत नाय, मग तो पेट्रोल बंद करतो. थंड झाला की परत बोलतो."

"एवढासा?" चंदर बघतच राहिला. "ह्याच्यापायी मी दोन पार्ट्यांत फितूर झालो?"

"अजून नक्की नाय हां. मशीनमध्ये नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. वायर तुटकी असंल, आतली चेन सैल असंल. आधी खात्री करायला लागंल. आज सुट्टीच आहे, करू या."

"थांब," चंदर म्हणाला. "खात्री इथं नको. माझ्याबरोबर चल. कान्हाच्या अंगणात करू. सगळ्यांपुढं."

अकरा वाजता कान्हाच्या अंगणात दोन्ही बाजूंची मिळून साठ-सत्तर माणसं जमली. आवळपाड्याची एका अंगाला, वाडीची दुसऱ्या अंगाला, मधे लाल गाडी. कुणालीने कोणाला काही न सांगता इंजिन चालू केलं आणि मशीन घेऊन बॉनेटशी उभी राहिली. चढ चढून आलेली गाडी तापलेली होती. सगळे श्वास रोखून बघत राहिले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंचवीस झाली. गाडी घड्याळासारखी चालत राहिली. वाडीच्या बाजूने कोणीतरी जांभई दिली.

"बघा," काशीच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला. "बंद पडायचीच नाय. चांगली गाडी हाय. ह्योच पाडतो."

"मी सांगत होतो," संदेश पुटपुटला, आणि आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

चंदर बॉनेटवर वाकला. "पड गो," तो हळूच म्हणाला. "रोज पडतंस, आज माझी लाज राख. बंद पड."

कुणालीने पिशवीतून केस वाळवायचा ड्रायर काढला. "आज हवा गार आहे, तापायला येळ लागतोय. काशीताई, लाइटीचं बोर्ड कुठं आहे?"

घरातून लांब वायर ओढून आणली. ड्रायर लावला तर तो धापा टाकल्यासारखी कोमट हवा सोडू लागला. शेजारीच कान्हाची भाताची गिरणी चालू होती आणि वाडीतला सगळा करंट तीच खात होती. "गिरणी बंद करा रे!" कान्हा ओरडला. गिरणी थांबली, ड्रायर गरजला. कुणालीने गरम हवा त्या काळ्या प्लास्टिकवर धरली. आधी तिने वायर हलवून, ओढून, पिळून दाखवली; काही झालं नाही. मग पुन्हा गरम हवा. दोन मिनिटांत इंजिनाने उचकी दिली आणि ते बंद पडलं.

आवळपाड्याच्या बाजूने टाळ्या पडल्या. स्वतःची गाडी बंद पडली म्हणून नाचणारा मालक त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"आता ओला फडका द्या," कुणाली म्हणाली. थंड पाण्यात भिजवलेला फडका तिने सेन्सरवर दाबला, मिनिटभर थांबली, चावी फिरवली. गाडी चालू.

"जादू करतंय पोर," वाडीचा म्हातारा म्हणाला. त्याचं अजून समाधान झालं नव्हतं. "पण गाडीच खराब असंल. सेन्सर कशावरून?"

कुणाली कान्हाकडे वळली. "कान्हादादा, तुमची पांढरी गाडी तीच आहे ना? दहा मिनिटं द्याल?"

दोन्ही गाड्यांचे सेन्सर एकेका बोल्टवर बसलेले होते, ते तिने पान्याने काढले आणि अदलाबदल केली. कान्हाचा चंदरच्या गाडीत बसवला, ड्रायर धरून धरून तिचा हात दुखला, पण लाल गाडी हलली नाही. चंदरचा सेन्सर कान्हाच्या गाडीत बसवला, इंजिन तापू दिलं, वर ड्रायर धरला, आणि कान्हाची कधी न अडलेली पांढरी गाडी स्वतःच्याच अंगणात उचकी देऊन गप्प झाली. कान्हाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तो स्वतःच पुढे आला, त्याने ओला फडका टाकून गाडी चालू केली, पुन्हा ड्रायर धरून बंद पाडली, पुन्हा चालू केली. त्याला फारच गंमत वाटत होती.

चंदर निर्दोष सुटला. आवळपाड्याने मानलं, वाडीने मानलं. संदेशने ग्रुपात लिहिलं की सत्याचा विजय झाला. कुणालीने कान्हाचा सेन्सर कान्हाच्या गाडीत परत बसवला, चंदरच्या गाडीत आणलेला नवा टाकला, आणि जुना आपल्या पिशवीत ठेवून दिला.

सोमवारी संध्याकाळी चंदरने चढ दुसऱ्या गिअरमध्ये काढला. कान्हाच्या अंगणाशी एक हॉर्न दिला आणि झर्रकन निघून गेला. मंगळवारीही तसंच, बुधवारीही तसंच. त्याची छाती फुगून आली होती. मतदान रविवारी होतं आणि त्याच्या नावावर आता एकही डाग नव्हता.

गुरुवारी रंजिता प्रचाराला वाडीत गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. पदर सावरत ती ओटीवर बसली.

"काय झालं गो?" चंदरने विचारलं.

"पाणी पण नाय इचारलं कोणी. भिमी दारात उभी होती, मला बघून आत गेली. लहानी आजी काय बोलली ठाव आहे? बोलली, गाडी नीट झाली नि माणूस बिघडला."

"मी काय केलं?"

"हॉर्न वाजवून जाता म्हणं. तीन दिस बायका कागदाच्या पिशव्या घेऊन बसल्या. बोलतात, अडलं होतं तवा आमचा चहा गोड लागत होता. आता सेन्सर नवा आला, आता कोण लहानी नि कोण भिमी." रंजिता बोटांवर काहीतरी मोजू लागली. "अवो, वाडीत आपली किती मतं होती पयली?"

"एक पण नाय."

"रविवारपावतर चाळीसच्या वर झाली होती. मी नावानिशी मोजली होती. तुमी बिघडलेल्या गाडीपाशी फुकट बसून जे केलं, ते संदेशनं दहा दिवस कर्णा लावून नाय केलं."

"मग उद्या थांबतो तिथं. जाऊन बसतो."

"असंच थांबाल तर काशीची मानसं बोंब मारतील. उद्या संध्याकाळी पाच वाजता प्रचार बंद. त्याच्यानंतर वाडीत पाय टाकलात तरी तक्रार होईल." ती जरा पुढे सरकली. "पण गाडी बंद पडली तर कोण काय बोलंल? सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय ती कशी पडते ते."

ही बाई सरपंच झाली तर आपलं काय होईल, असा विचार चंदरच्या मनात येऊन गेला, पण तो त्याने बाजूला ठेवला.

शुक्रवारी दुपारी दुकान लवकर बंद करून तो गॅरेजात गेला. गोजर मिस्त्री बाकावर बसला होता, कुणाली एका रिक्षाखाली आडवी होती.

"बाय, तो आपला जुना सेन्सर आहे ना," चंदर इकडे तिकडे बघत म्हणाला, "तो मला परत पायजे."

गोजर मिस्त्रीने डोळे उघडले.

"कशाला?" रिक्षाखालून आवाज आला.

"गाडीत बसवायला."

"नवा खराब झाला?"

"नाय, नवा चांगला आहे. म्हणूनच."

कुणाली रिक्षाखालून सरपटत बाहेर आली आणि हात पुसत उठून बसली. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग चंदरकडे.

"दादा, तुमाला उशीर झाला," ती म्हणाली. "कान्हादादा सकाळीच येऊन घेऊन गेले. त्यांनी तर इथंच बसवून घेतला. मी तीनदा इचारलं, चांगला काढून खराब कशाला लावता? तर हसले नुसते."

"मिस्त्री, तीस वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं होतं का?" चंदरने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"आज दोन बघितली," गोजर मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

चंदर परत निघाला. नव्या सेन्सरवर गाडी पाण्यासारखी पळत होती. टेपाच्या वाडीचा चढ ती कुरकुर न करता चढली. कान्हाचं अंगण रिकामं होतं. फणसाखाली पांढरी गाडी नव्हती. चंदरने ब्रेकवर पाय ठेवला, घड्याळ पाहिलं, सव्वापाच वाजले होते, पाय काढून घेतला.

आवळपाड्याच्या तोंडाशीच त्याला गर्दी दिसली. त्याच्या घरासमोर, तुळशीच्या अलीकडे, पांढरी गाडी तिरकी उभी होती आणि तिचं बॉनेट आ वासून उघडलेलं होतं. कान्हा चंदरच्याच खुर्चीत पाय पसरून बसला होता. भोवती आवळपाड्याची आठ-दहा माणसं होती आणि कान्हा एकाच्या भाताच्या शेताला पाटाचं पाणी का पोचत नाही ते मन लावून ऐकत होता. बाजूला संदेश उभा होता. तोंड उघडावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काय रे कान्हा," चंदर खाली उतरला. "कुठं निघालास?"

"पुढं."

"पुढं कुठं?" रस्ता आवळपाड्यातच संपत होता. पुढे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे रान.

"असाच," कान्हा म्हणाला. "गाडी तापली नि पडली बंद. तुला तर ठाव आहे, कशी पडते ती. सगळ्या गावानं बघितलंय."

सगळ्या गावासमोर चंदरनेच ते सिद्ध करून दाखवलं होतं. त्याने बॉनेटमध्ये वाकून पाहिलं, मग घराकडे तोंड करून हाक मारली. "रंजिता, ओला फडका आण गो जरा! फडका टाकला की मिनिटात चालू होते."

"नको, नको," कान्हा खुर्चीत आणखी मागे रेलला. "थंड पाणी टाकलं की इंजिनाला बाधतं. वीस मिनिटं बसतो नि जातो. मला कसली घाई?"

रंजिता दारात आली. तिच्या हातात ओला फडका नव्हता, चहा होता, आणि तो ग्लासात होता. तिने तो कान्हाला दिला आणि चंदरला म्हणाली, "तुमी इथं काय करताय? कान्हाभाऊंना घरी सोडायला नको का? आपली गाडी काढा. लहानी आजी वाट बघत असंल."

कान्हा चहाचा घोट घेता घेता थांबला.

"आणि वाडीत गेलात की परत यायची घाई करू नका," रंजिता म्हणाली. "कान्हाभाऊंना सोडायला आलो म्हणून सांगा. पाहुण्याला दारातून कोण परतवतो?"